उत्कंठा (लघुकथेतील)

पुढे काय होणार हे कळावे म्हणून वाचकाच्या मनात उत्पन्न होणारी आणि लेखकाने जाणूनबुजून ताणून धरलेली ओढ. तिच्यात आशा आणि धास्ती या दोन्ही भावना मिसळलेल्या असतात. अमुक घडावे असे वाचकाला वाटते, पण तमुकच घडेल अशी भीती त्याला सोडत नाही. रहस्यकथा, गूढकथा आणि भयकथा यांचा उत्कंठा हा प्राण मानला जात असला, तरी ती या प्रकारांपुरती मर्यादित नाही. मुलगी बघण्याचा कार्यक्रम किंवा घरवाटणी असे साधे विषय घेऊन लिहिलेल्या कथेतही ती तितक्याच प्रमाणात असू शकते.

उत्कंठा, कुतूहल आणि विस्मय यांची गल्लत नेहमी होते. मेअर स्टर्नबर्ग या अभ्यासकाने १९७८ च्या आपल्या ग्रंथात या तिन्ही परिणामांची फोड कथेतील काळाच्या मांडणीवरून केली. वाचकाचे लक्ष अजून न घडलेल्या गोष्टीकडे लागले, की उत्कंठा. घडून गेलेल्या पण दडवलेल्या गोष्टीकडे लागले, की कुतूहल. काही दडवले आहे याचा पत्ताच नसताना ते एकदम उघड झाले, की विस्मय. या फोडीनुसार ‘खून कोणी केला?’ हा प्रश्न कुतूहलाचा ठरतो, तर ‘खुनी आता दुसरा खून करील का?’ हा उत्कंठेचा. बहुतेक यशस्वी कथांत या तिन्हींची सरमिसळ असते. तरीही ही फोड उपयोगी आहे, कारण मराठी समीक्षेत शेवटच्या कलाटणीलाच उत्कंठा समजण्याची जुनी सवय आहे. कलाटणी ही विस्मयाची युक्ती आहे. ती वाचकाला एकदाच चकवते.

उत्कंठा माहिती लपवल्याने निर्माण होते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात ती माहितीच्या विषम वाटपातून निर्माण होते. निवेदक, पात्र आणि वाचक यांच्यापैकी कोणाला काय व केव्हा ठाऊक असते, यावर सगळे अवलंबून असते. जर्मन नाट्यसमीक्षक लेसिंग याने १७६७–६९ मधील हँबर्गच्या नाट्यलेखमालेत युरिपिडीझ या प्राचीन ग्रीक नाटककाराचा पक्ष घेताना हा मुद्दा मांडला होता. नाटकाच्या आरंभीच पुढचे अनिष्ट प्रेक्षकाला सांगून टाकण्यात नुकसान नाही, लाभच आहे, असे त्याचे म्हणणे. विसाव्या शतकात चित्रपटदिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक याने टेबलाखालच्या बाँबचे (प्रेक्षकाला तो ठाऊक असतो, टेबलाशी बसलेल्यांना नसतो) उदाहरण देऊन जे लोकप्रिय केले, ते तत्त्व मुळात हेच. भारतीय वाचकाला यासाठी शाकुंतलाचा चौथा अंक पुरेसा आहे. दुर्वासाचा शाप नेपथ्यातून ऐकू येतो. तो अनसूया-प्रियंवदेला कळतो, प्रेक्षकाला कळतो. शकुंतलेला आणि दुष्यंताला मात्र कळत नाही. पाचव्या अंकात ती राजासमोर उभी राहते, तेव्हा तिच्या बोटात अंगठी नाही हे तिच्या ध्यानात येण्याआधीच प्रेक्षकाच्या पोटात गोळा आलेला असतो.

उगम : उत्कंठेचे कथातंत्र भारतीय की पाश्चात्त्य, याबद्दल एकमत नाही. संस्कृत नाट्यशास्त्रात कथानकाच्या मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श व निर्वहण अशा पाच संधी सांगितल्या आहेत. त्यांपैकी विमर्शात फळ जवळ आलेले असताना क्रोध, व्यसन (संकट) वा प्रलोभन यांमुळे अडथळा येतो. उत्कंठेचे शास्त्र येथे सापडते, असे काही आधुनिक अभ्यासकांचे म्हणणे आहे. नाट्यशास्त्राचा काळ स्थूलमानाने इ. स. पू. दुसरे ते इ. स. तिसरे शतक यांच्या दरम्यान धरला जातो. तो मान्य केला, तर हे विवेचन फारच प्राचीन ठरते. मात्र संधींचा विचार नाट्यवस्तूच्या बांधणीचा आहे, प्रेक्षकाच्या ताणाचा नव्हे. तेहतीस व्यभिचारी भावांतील (मुख्य भावाला साहाय्य करून येणाऱ्या-जाणाऱ्या भावांतील) ‘औत्सुक्य’ हा भाव अधिक जवळचा वाटतो, कारण दशरूपकात धनंजयाने (दहावे शतक) त्याचे लक्षण विलंब सहन न होणे असेच दिले आहे. पण तोही पात्राचा भाव आहे. बहुधा विरही प्रियेचा. त्यामुळे शास्त्रापेक्षा कथावाङ्मयाचा आधार अधिक भक्कम दिसतो.

या वाङ्मयात वेताळाच्या पंचवीस कथांचे स्थान विशेष आहे. सोमदेवाच्या कथासरित्सागरात (अकराव्या शतकाचा उत्तरार्ध) या कथांचा नायक त्रिविक्रमसेन हा गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आजच्या पैठणचा, राजा आहे. गुणाढ्याची लुप्त बृहत्कथा सातवाहनांच्या आश्रयाने पैशाची भाषेत रचली गेली, अशी परंपरा असल्यामुळे वेताळकथांचा उगमही महाराष्ट्रातच शोधण्याचा मोह होतो. त्याला पुरावा अपुरा आहे. सोमदेव व क्षेमेंद्र या बृहत्कथेच्या दोन्ही काश्मीरी रूपांतरकारांच्या ग्रंथांत या कथा आहेत. बुधस्वामीच्या बृहत्कथाश्लोकसंग्रहात मात्र त्या नाहीत. शिवदास व जंभलदत्त यांच्या पाठांवरून तर हा कथासमूह स्वतंत्रपणेही नांदत होता असे दिसते. यामुळे मूळ बृहत्कथेत या कथा नसाव्यात आणि काश्मीरी परंपरेत त्या मागाहून आल्या असाव्यात, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

तंत्राच्या दृष्टीने वेताळकथांत दोन पदरी ताण आहे. राजा एका भिक्षूसाठी झाडावरचे प्रेत आणत असतो आणि त्या प्रेतातला वेताळ वाटेत त्याला गोष्टी सांगतो. प्रत्येक कथेच्या शेवटी प्रश्न येतो. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला, तर डोक्याची शकले होतील. बोलला, तर प्रेत पुन्हा झाडावर. हा झाला आतला पदर. हे प्रेत मागणाऱ्या भिक्षूचा डाव काय, हा बाहेरचा. आणि तो शेवटपर्यंत उलगडत नाही. अखेरच्या कथेतील नात्याचा गुंता राजाला सुटत नाही. तो मुकाट चालत राहतो, आणि त्याच्या या मौनामुळेच तो वाचतो.

शुकसप्ततीत विलंब हाच कथेचा विषय आहे. पती परगावी असताना प्रभावती रोज रात्री प्रियकराकडे जायला निघते. पोपट तिला अडवत नाही. ‘जा, पण अमकीसारखी वेळ आली तर निभावून नेता आले पाहिजे’ असे म्हणतो, गोष्ट ऐन पेचापर्यंत आणतो आणि विचारतो, ‘आता तिने काय करावे?’ तिला उत्तर सुचत नाही. ते मिळेपर्यंत रात्र सरते. या ग्रंथाचा काळ अनिश्चित आहे. नख्शबीने १३३० च्या सुमारास फार्सीत तूतीनामा रचला, त्यापूर्वी संस्कृत पाठ प्रचारात असलाच पाहिजे, एवढे निश्चित. अरबी हजार रात्रींच्या गोष्टींतील शहरजादची युक्ती (गोष्ट अर्धवट ठेवून आपले मरण रोज पुढे ढकलणे) याच जातीची आहे. ती भारतातून गेली असे अनेकांनी मानले आहे. चौकटीच्या, म्हणजे सगळ्या गोष्टींना सामावणाऱ्या बाहेरच्या कथेपुरते ते संभवते. सगळ्या संग्रहाबाबत तसे म्हणणे धाडसाचे होईल. मराठीत या गोष्टी कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या भाषांतराने १८६१ पासून आल्या आणि पुढच्या दोन-तीन पिढ्यांच्या वाचनाची गोडी त्यांनी घडवली.

असे असले तरी या साऱ्या कथांत ताण गोष्टींच्या मालिकेत असतो. तो एकाच छोट्या कथेत कोंडण्याची कला मात्र एकोणिसाव्या शतकातील नियतकालिकांची. अमेरिकन लेखक एडगर ॲलन पो याने १८४२ मध्ये हॉथॉर्न या कथाकाराच्या कथांचे परीक्षण करताना कथा एका बैठकीत वाचून व्हावी आणि तिचा प्रत्येक शब्द पूर्वनियोजित अशा एकाच परिणामाकडे नेणारा असावा, असा आग्रह धरला. बैठक मोडली की बाहेरचे जग आत येते आणि परिणाम विरतो, हे त्याचे कारण. म्हणजे आकाराच्या मर्यादेलाच त्याने ताणाचे साधन बनवले.

तंत्र : प्रचलित साधने सर्वपरिचित आहेत : मुदत घालणे, वाट अडवणे, धोक्याची आधी चाहूल देणे, संवाद मध्येच तोडणे, महत्त्वाच्या क्षणी नजर क्षुल्लक वस्तूकडे वळवणे. चेकॉव्हने १८८९ मधील एका पत्रात भरलेल्या बंदुकीचा जो दाखला दिला, तोही यांपैकीच. रंगमंचावर ती ठेवली, तर ती उडालीच पाहिजे. यांपैकी विलंब कसा साधतो, हे एका उदाहरणावरून पाहणे बरे.

डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्झ याच्या १९०२ मधील ‘माकडाचा पंजा’ या कथेत हिंदुस्थानातून आणलेला पंजा तीन माणसांच्या प्रत्येकी तीन इच्छा पुरवतो. व्हाइट कुटुंबाने पहिल्या इच्छेत दोनशे पौंड मागितले. ते मिळतात, पण मुलगा कारखान्यातील यंत्रात सापडून मरतो त्याची भरपाई म्हणून. दुसऱ्या इच्छेत आईच्या हट्टापायी बाप मुलाला परत मागतो. रात्री दारावर थाप पडते. येथून लेखक घाई करत नाही. आई खाली धावते. साखळी निघते, खालची कडी करकरत सरकते, वरची मात्र हाताला येत नाही म्हणून ती नवऱ्याला हाक मारते, मग खुर्ची ओढते. त्याच वेळी वरच्या खोलीत नवरा अंधारात चाचपडत पंजा शोधत असतो. खुर्ची आणि पंजा, दोघांत आधी काय हाताला लागणार? तिसरी इच्छा मागितली जाते, थापा थांबतात, दार उघडते; बाहेर रस्ता निर्मनुष्य. दाराबाहेर कोण होते हे लेखक कधीच दाखवत नाही, आणि तरीही वाचकाला फसवल्यासारखे वाटत नाही, कारण यंत्रात चेंगरलेल्या मुलाचे रूप आधीच वाचकाच्या कल्पनेवर सोपवलेले असते. कथेच्या आरंभी पंजाच्या पहिल्या मालकाने तिसऱ्या इच्छेत मरण मागितले, असे एका वाक्यात सांगून टाकलेले आहे. ते वाक्य शेवटपर्यंत काम करते.

मराठीत लिहिणाऱ्याला व्याकरणाची एक खास अडचण आणि सोय आहे. समीक्षकांनी तिच्याकडे द्यावे तेवढे लक्ष दिलेले नाही. मराठी क्रियापद लिंग उघड करते. ‘मी गेलो’ वा ‘मी गेले’ म्हणताच निवेदकाची ओळख निम्मी फुटते. पण सकर्मक भूतकाळात क्रियापद कर्माप्रमाणे चालते : ‘मी दार उघडले, दिवा मालवला, सुरी उचलली.’ येथे करणारा पुरुष की स्त्री हे कळत नाही. ‘मी म्हणालो’ टाळून ‘मी म्हटले’ लिहिता येते. त्रयस्थाबाबत नपुंसकलिंगी ‘दाराशी कुणीतरी उभे होते’ ही रचना स्वाभाविक आहे. ‘आकृती’, ‘सावली’ हे शब्द घेतले, तर ‘सरकली’ हे क्रियापद शब्दाच्या लिंगाने येते, माणसाच्या नव्हे. ‘थाप पडली’, ‘चाहूल लागली’ अशा वाक्यांत तर कर्ताच गायब असतो. कसलेला लेखक हे सहज वापरतो. नवखा ‘ती व्यक्ती’ची पुनरुक्ती करून आपणच संशय ओढवून घेतो. वाक्याच्या शेवटी येणारे क्रियापद हीही विलंबाची जागा आहे, पण तिचा अतिरेक झाला की वाक्ये कृत्रिम होतात.

मराठी लघुकथा : ह. ना. आपटे यांच्या करमणूक (१८९०) साप्ताहिकातील स्फुट गोष्टींत उत्कंठा प्रसंगाच्या ओघात येते. तिची वेगळी जाणीव दिसत नाही. ती आली ना. सी. फडके यांच्या काळात. प्रतिभासाधन (१९३१) या त्यांच्या ग्रंथाने तंत्रचर्चेला प्रतिष्ठा दिली; गुंतागुंत, निरगाठ, उकल ही परिभाषा रूढ झाली. तिचा फायदा झाला तसा तोटाही : चटकदार आरंभ आणि कलाटणीचा शेवट असला की कथा झाली, असे अनुकरणकर्त्यांना वाटू लागले. १९४५ नंतरच्या नवकथेने घटनेचेच महत्त्व कमी केले. तिच्यात उत्कंठा संपली, असे म्हटले जाते. ते पूर्णपणे खरे नाही. जी. ए. कुलकर्णी यांच्या ‘स्वामी’ या कथेत मठातील भुयारात कोंडलेला माणूस सुटेल का, हा प्रश्न बराच काळ वाचकाला धरून ठेवतो. मग सुटकेचा प्रश्न मागे पडतो आणि प्रकाशाकडे वाढणाऱ्या वेलीवर सगळा ताण जाऊन बसतो. उत्कंठेचा विषयच मध्येच बदलण्याचे असे उदाहरण मराठीत विरळा.

बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार व काळा पहाड या नायकांच्या रहस्यकथांचा वाचकवर्ग प्रचंड होता. समीक्षेने मात्र त्यांची दखल जेमतेम घेतली. नारायण धारप यांच्या भयकथांत संकटातून सोडवणारा ‘समर्थ’ हा नायक येणार हे ठाऊक असल्याने प्रश्न ‘वाचतील का’ असा न राहता ‘कसे वाचतील’ असा होतो. रत्नाकर मतकरी यांच्या गूढकथेत धोका मध्यमवर्गीय घरातूनच उगवतो, त्यामुळे पहिल्या काही परिच्छेदांतील घरगुती तपशील भरताड नसतो. दिवाळी अंकांत धनंजयने अशा कथांना हक्काची जागा दिली.

ठाऊक असलेल्या कथेतील उत्कंठा : शेवट माहीत असलेली कथा पुन्हा वाचतानाही ताण का जाणवतो, हा प्रश्न वादग्रस्त आहे. नारदीय कीर्तनाच्या श्रोत्यांना हरिश्चंद्राचे आख्यान पाठ असते. तरी तारामतीवर तलवार उगारलेली असताना बुवा थांबून अभंग धरतात, तेव्हा मंडपात कोणी उठत नाही. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड गेरिग याने १९८९ मध्ये यावर प्रयोग केले. वाचताना मन प्रत्येक घटना नव्यानेच घडत असल्यासारखी घेते, आणि शेवटाचे ज्ञान त्या क्षणी आपोआप पुढे येत नाही, असे त्याचे मत. वाचकाचे लक्ष पात्राच्या न जाणण्यावर असते, असे दुसरे स्पष्टीकरण. कीर्तनाच्या बाबतीत ते अधिक लागू पडते. २०११ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतील लेव्हिट व ख्रिस्टेनफेल्ड यांनी बारा लघुकथांवर प्रयोग केला, तेव्हा शेवट आधी कळलेल्या वाचकांना कथा सरासरीने अधिक आवडल्या. नंतरच्या काही प्रयोगांत याच्या उलट आढळले. पहिल्या प्रयोगात कलाटणीच्या कथा, रहस्यकथा आणि वाङ्मयीन कथा अशा तिन्ही जाती होत्या. आवडीचे मोजमाप आणि उत्कंठेचे मोजमाप एक नसल्यामुळे या निष्कर्षांवरून तंत्राबद्दल काही ठरवणे कठीण आहे.