हिवाळी स्टीलहेड मासेमारी : ओढ्याची निवड आणि वेळ

उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर साधारण नोव्हेंबर ते एप्रिल या काळात समुद्रातून नद्या-ओढ्यांत चढणाऱ्या स्टीलहेड माशाची ही गळाने केली जाणारी मासेमारी. स्टीलहेड ही वेगळी जात नाही. हिमाचल, काश्मीर आणि निलगिरीच्या थंड पाण्यात बाहेरून आणून सोडलेला रेनबो ट्राउट आणि हा मासा एकच; शास्त्रीय नाव ऑन्कोऱ्हिंकस मायकिस. फरक आहे तो जीवनक्रमाचा. स्टीलहेडची पिल्ले बहुधा एक ते तीन वर्षे गोड्या पाण्यात काढतात, समुद्रात जाऊन वाढतात आणि अंडी घालायला आपल्या जन्माच्या पाण्याकडे परततात. पॅसिफिक सॅमन एकदा अंडी घातली की मरतो. स्टीलहेडपैकी काही मात्र तगतात, समुद्रात उतरतात आणि पुन्हा येतात. 1970 मध्ये अलास्कातल्या बेल बेटाजवळ सापडलेला 19.1 किलोंचा मासा विक्रमी मानला जातो; एरवी 3 ते 5 किलोंचा मासा चांगलाच म्हणायचा.

उन्हाळी चढणीचे स्टीलहेड अपक्व अवस्थेत नदीत शिरतात आणि डोहांत कित्येक महिने थांबतात. हिवाळी मासा जवळजवळ पक्व होऊनच येतो. त्याला थांबायला फार वेळ नसतो, म्हणून मासेमाराच्या हाती लागणारी संधीही तोकडी असते. चढण सुरू होते ती पावसाने. कोकणात पहिल्या पावसाच्या लोंढ्याबरोबर चढणीचे मासे ओहोळात शिरतात, तसाच हा प्रकार. फक्त पाऊस डिसेंबरचा आणि पाणी बर्फगार.

पूर भरात असताना मासा चढतो, पण गढूळ पाण्यात त्याला आमिष दिसत नाही. पाणी पूर्ण नितळ आणि उथळ झाले की तो बुजतो. मधली वेळ साधायची असते : पूर ओसरू लागलेला, पाण्याला हिरवट झाक आणि दोन-चार फुटांपर्यंत तळ दिसतोय अशी. ही वेळ प्रत्येक ओढ्यावर वेगळ्या दिवशी येते. म्हणून ‘कुठे जावे’ आणि ‘केव्हा जावे’ हे दोन प्रश्न सुटे करता येत नाहीत.

वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिम्पिक द्वीपकल्पावर हे स्पष्ट दिसते. फोर्क्स या लहान गावाच्या आसपास सोल डक, कॅलावा, बोगाचिएल आणि होह या नद्या एकमेकींपासून थोड्या अंतरावर वाहतात आणि एकाच वादळाचे पाणी घेतात. तरी सोल डक बहुधा लवकर निवळते, तर माउंट ऑलिम्पसच्या हिमनद्यांतून येणारी, ढासळत्या काठांची होह मागे राहते. कॅलिफोर्नियात हा फरक याहून ठळक आहे. धरण नसलेली, खडकाळ पात्राची स्मिथ नदी मोठ्या पुरानंतरही काही दिवसांत स्वच्छ होते; ठिसूळ डोंगरांची माती वाहून आणणारी ईल आठवडेच्या आठवडे गढूळ राहू शकते. पाणलोट लहान, जंगल शाबूत आणि तळ खडकाळ असेल तर ओढा लवकर निवळतो, पण तितक्याच लवकर आटतोही.

म्हणून जाणते मासेमार आधी आकडे पाहतात. अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची जलमापन केंद्रे प्रवाह क्युसेकमध्ये सतत नोंदवतात. एका दिवसाच्या आकड्यापेक्षा आलेखाचा उतार महत्त्वाचा. डोंगरात थंडी वाढून पावसाऐवजी बर्फ पडू लागला की नद्या ओसरतात. उबदार वादळ आले आणि उंचावरही पाऊस झाला की सगळ्या एकदम फुगतात. पाण्याचे तापमान 4 ते 7 अंश सेल्सिअस असेल तर मासा आमिषाला बरा प्रतिसाद देतो. त्याखाली तो मंदावतो, आणि आमिष त्याच्या तोंडाशीच न्यावे लागते. तो थांबतो माणसाच्या चालीच्या वेगाने वाहणाऱ्या पाण्यात : डोहाच्या शेवटच्या उथळ उतारावर, मोठ्या धोंड्यांमागे, जलद आणि संथ प्रवाहांच्या सीमेवर.

कॅलिफोर्निया आणि ऑरेगनमधल्या काही छोट्या ओढ्यांचे मुख उन्हाळ्यात वाळूच्या बांधाने बंद होते. मोठा पाऊस तो बांध फोडतो, तेव्हाच मासा आत येऊ शकतो. इथे घाई करू नये. कॅलिफोर्नियाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या अनेक प्रवाहांवर पाणी ठराविक पातळीखाली गेले की मासेमारी बंद असते. पिल्ले वाढतात ते कित्येक लहान ओढे तर वर्षभर बंद असतात. हे नियम जाचक वाटले तरी रास्त आहेत, कारण अरुंद ओढ्यात चढलेल्या मोजक्या माशांना लपायला जागाच नसते.

वेळेला दुसरेही परिमाण आहे. वॉशिंग्टनच्या संवर्धन केंद्रांत, म्हणजे पिल्ले तयार करून नदीत सोडणाऱ्या केंद्रांत, दीर्घकाळ टाकोमाजवळच्या चेंबर्स क्रीकचा वाण वापरला गेला. तो लवकर येणारा असल्याने केंद्रातले मासे डिसेंबर-जानेवारीत, तर जंगली मासे मुख्यतः फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत मिळतात. केंद्रातल्या पिल्लांचा शेपटीजवळचा छोटा मांसल पर कापलेला असतो, त्यावरून ओळख पटते. पर शाबूत असलेला जंगली मासा बहुतेक ठिकाणी सोडून द्यावा लागतो, आणि वॉशिंग्टनमध्ये त्याला पाण्याबाहेर पूर्ण उचलायलाही मनाई आहे. वॉशिंग्टनमधल्या प्युजेट साउंड या समुद्राच्या फाट्यातला स्टीलहेड 2007 पासून अमेरिकेच्या संकटग्रस्त प्रजाती कायद्याखाली संरक्षित आहे. शिवाय 1974 च्या बोल्ट निवाड्याने (न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांचा निकाल) अमेरिकी सरकारशी जुने करार असलेल्या आदिवासी जमातींचा पकडीतला निम्मा वाटा मान्य केला, तो इथल्या मासेमारीच्या नियोजनाचा पाया आहे.

पॅसिफिकपासून दूर, अमेरिकेच्या पूर्वेकडच्या ईरी सरोवराच्या दक्षिण काठावरही स्टीलहेड मिळतात, पण ते मूळचे तिथले नाहीत. पेनसिल्व्हेनिया राज्य दरवर्षी सुमारे 10 लाख पिल्ले सोडते, आणि ती सरोवरात मोठी होऊन एल्क क्रीक, वॉलनट क्रीक अशा ओढ्यांत शरद ऋतूतच परततात, हिवाळा ओढ्यात काढतात आणि वसंतात अंडी घालतात. पात्र शेल या थरांच्या, पाणी न मुरणाऱ्या खडकाचे असल्याने पाऊस मुरत नाही : ओढा काही तासांत फुगतो आणि एक-दोन दिवसांत उतरतो. कडाक्याच्या थंडीत तो गोठतो, तेव्हा बर्फ वितळण्याची वाट पाहावी लागते.