दवाखाना आणि रंगमंच: डॉक्टरांच्या संध्याकाळींमागचा इतिहास

दोन-तीन आवडी असलेल्या मुलाला आपल्याकडे हमखास ऐकवलं जातं, 'आधी एक काय ते ठरव.' त्याच घरांत डॉ. श्रीराम लागू, डॉ. जब्बार पटेल, डॉ. मोहन आगाशे ही नावं मात्र अभिमानानं घेतली जातात. मराठी रंगभूमीवर इतके डॉक्टर आले कुठून, याला 'माणसं हरहुन्नरी होती' एवढं उत्तर मला पुरत नाही. दिवसभराचं काम उरकून आलेल्या माणसाला गंभीरपणे नाटक करता येईल, अशी एक व्यवस्था इथे उभी राहिली होती. ती उभी राहायला बराच काळ जावा लागला.

विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं, 1880 साली किर्लोस्कर मंडळी निघाली. त्यानंतरची पन्नासेक वर्षं नाटक म्हणजे नाटक कंपनी. नट कंपनीच्या बिऱ्हाडात राहायचा, मुक्काम हलला की तोही हलायचा. नाटक लिहिणाऱ्याला दुसरा व्यवसाय सांभाळता येई. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर वकिली करत होते. पण तोंडाला रंग लावायचा तर घरदार सोडण्याची तयारी लागे.

1932 साली 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट आला आणि पुढच्या काही वर्षांत कंपन्या एकामागून एक बसल्या. त्या पडझडीबद्दल हळहळ पुष्कळ व्यक्त झाली आहे. मला तिची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची वाटते. धंदा म्हणून नाटक डबघाईला आलं, तेव्हा ते शिकलेल्या, इतरत्र पोट असलेल्या लोकांच्या हाती गेलं. 1933 साली 'नाट्यमन्वंतर' या संस्थेनं 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक रंगमंचावर आणलं, ते या बदलाचं ठळक पाऊल. दिवसा कचेरी नाहीतर कॉलेज आणि संध्याकाळी तालीम, ही घडी हळूहळू बसत गेली.

स्वातंत्र्यानंतर तिला भक्कम आधार मिळाला. पुण्यात भालबा केळकर, लागू आणि त्यांच्या सोबत्यांनी प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन, म्हणजे पीडीए काढली. 1954 पासून सरकारची राज्य नाट्य स्पर्धा सुरू झाली. 1963 साली महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेनं कॉलेजच्या मुलांसाठी पुरुषोत्तम करंडक ही एकांकिका स्पर्धा सुरू केली. या स्पर्धांनी बक्षिसांपेक्षा मोठी गोष्ट दिली, ती म्हणजे वेळापत्रक. तारीख ठरलेली, काही आठवड्यांच्या तालमी, मग प्रयोग. नोकरी, परीक्षा किंवा दवाखाना असलेल्या माणसाला हे झेपतं. रोज प्रयोगाला बांधून घेणं झेपत नाही.

त्यातही डॉक्टरच का? स्वतःचा दवाखाना असला की त्याची वेळ स्वतःच्या हातात असते. घर नाटकाच्या तिकीटविक्रीवर चालत नाही. शिवाय वैद्यकीय शिक्षणाची लांबलचक वर्षं एकाच शहरात जातात आणि तेवढ्यात एक नाट्यसंच जमतो, मुरतो. पुण्याच्या बी. जे. मेडिकलमधून लागू, पटेल आणि आगाशे तिघेही आले. सतीश आळेकरही याच कॉलेजात जीवरसायनशास्त्राचं संशोधन करत नाटकं लिहीत होते.

16 डिसेंबर 1972 रोजी पीडीएचं 'घाशीराम कोतवाल' हे नाटक उभं राहिलं. दिग्दर्शक पटेल बालरोगतज्ज्ञ, नाना फडणवीस झालेले आगाशे मनोविकारतज्ज्ञ. वाद पेटला, पीडीएनं प्रयोग थांबवले, तेव्हा या मंडळींनी बाहेर पडून 1973 साली थिएटर अ‍ॅकॅडमी स्थापन केली. 1980 मध्ये ते नाटक युरोपातही गेलं. पोट नाटकावर असतं तर संस्था सोडण्याचं धाडस त्यांना इतकं सहज झालं असतं असं मला वाटत नाही. दुसऱ्या व्यवसायानं त्यांच्या कलेला स्वातंत्र्य दिलं, आणि मला या साऱ्या इतिहासात हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

मात्र प्रत्येकानं मांडणी वेगळी केली. लागू कान-नाक-घशाचे शल्यविशारद. पुण्यात आणि टांझानियात व्यवसाय करून, चाळिशी ओलांडल्यावर 1969 साली ते पूर्णवेळ नट झाले आणि पुढच्याच वर्षी 'नटसम्राट' आलं. म्हणजे त्यांनी निवड केली, पण दोन्ही गोष्टी वर्षानुवर्षं करून पाहिल्यानंतर. पटेलांनी दौंडला दवाखाना चालवत नाटकं बसवली, पुढे 'सामना', 'सिंहासन', 'उंबरठा' असे चित्रपट केले.

आगाशे यांचा मार्ग मला सगळ्यांत शिकण्यासारखा वाटतो, कारण त्यांनी दोन कामांमधली भिंतच पाडत नेली. बी. जे.मध्ये मनोविकारशास्त्र शिकवता शिकवता त्यांनी बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरची बालनाट्याची पद्धत पुण्यात आणली. मोठ्या नटांनी लहान मुलं साकारायची आणि मुलांच्या खऱ्या अडचणींवर बोलायचं, अशी ती पद्धत. मुलांच्या मनाचा अभ्यास असलेल्या डॉक्टरला ती भावली, यात नवल नाही. पुढे 'अस्तु'मध्ये त्यांनी स्मृतिभ्रंश झालेला संस्कृत पंडित उभा केला, आणि नैराश्याच्या विषयावरच्या 'कासव'चे ते निर्मातेही होते. 'कासव'ला 2016 सालचं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं.

या इतिहासात एक रकाना नेहमी रिकामा राहतो: घर कोण सांभाळत होतं? वर आलेले सगळे डॉक्टर पुरुष आहेत. स्त्रियांची संध्याकाळ स्वयंपाकघरात आणि मुलांच्या अभ्यासात जात होती, तालमीला मोकळी नव्हती. लेखक, बासरीवादक, ओरिगामी आणि लाकडातलं कोरीवकाम करणारे डॉ. अनिल अवचट हे त्याच बी. जे.चे. पण त्यांची पत्नी डॉ. अनिता ऊर्फ सुनंदा अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात नोकरी करत होत्या, म्हणून अवचटांना लेखनासाठी मोकळीक मिळाली. 1986 साली दोघांनी मिळून 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. सुनंदाताईंचं नाव अवचटांच्या छंदांच्या यादीशेजारीच लिहिलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं विज्ञानाच्या विद्यार्थ्याला संगीत किंवा इतिहास घेण्याची वाट मोकळी केली आहे, आणि ते चांगलंच झालं. पण या डॉक्टरांपैकी कुणालाही अभ्यासक्रमात नाटकाचे क्रेडिट मिळाले नव्हते. त्यांना मिळाली होती तालमीची जागा, ठरलेली तारीख, बरोबरीचे दहा-वीस सोबती आणि संध्याकाळचे मोकळे तास. आज निवासी डॉक्टरच्या ड्युट्या, प्रवेश परीक्षांची तयारी आणि शहरातला प्रवास या तासांनाच खाऊन टाकतो. 'एक काय ते ठरव' असं मुलांना सांगण्याआधी हे तास त्यांच्या वाट्याला येतात का, हे घरांनी आणि कॉलेजांनी बघायला हवं.