शाकारलेल्या घराला आग का लागते आणि ती का विझत नाही

ठाणे, पालघर आणि रायगड जिल्ह्यांतील डोंगरपाड्यांवर कुडाच्या भिंतींची, गवताने किंवा पेंढ्याने शाकारलेली घरे आजही आढळतात. पोकळ काड्यांत आणि त्यांच्यामधील फटींत अडकलेल्या हवेमुळे ही घरे उन्हाळ्यात थंड राहतात. मात्र आग लागली की तीच हवा ज्वलनाला प्राणवायू पुरवते. जाड ओंडका तापायला वेळ लागतो, पण वाळलेली बारीक काडी झटकन तापते आणि सुमारे २५० ते ३०० अंश सेल्सिअसला तिच्यातील सेल्युलोजचे विघटन होऊन ज्वलनशील वायू बाहेर पडू लागतात. छप्पर सर्वांत कोरडे असते ते मार्च ते मे या महिन्यांत, आणि नेमका तोच राब भाजण्याचा, म्हणजे भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळून जमीन तयार करण्याचा, व वणव्यांचा काळ असतो.

खरी अडचण पुढे येते. पावसाचे पाणी आत झिरपू नये म्हणूनच छपराला तीव्र उतार दिलेला असतो व गवताचे थर एकावर एक रचलेले असतात. त्यामुळे आग आतल्या थरांत शिरली की वरून मारलेले पाणी बरेचसे पाख्यावरून ओघळून वळचणीखाली पडते आणि आतले गवत ज्वाळेविना धुमसत राहते. अशा वेळी जळत्या भागापुढचे गवत आकड्यांनी ओढून काढावे लागते, आणि आग विझल्यासारखी वाटली तरी कित्येक तास राखण करावी लागते.

म्हणून माझ्या मते सर्वाधिक लक्ष छपराच्या आतल्या बाजूला द्यायला हवे. चुलीच्या वरच्या भागाला मातीचा गिलावा केल्यास ठिणगी थेट काडीपर्यंत पोहोचत नाही. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने डांबरमिश्रित, पावसात न वाहून जाणारा मातीचा गिलावाही विकसित केला आहे. बोरॅक्स आणि बोरिक आम्लाच्या द्रावणाने गवत पेटण्यास विलंब होतो, परंतु हे क्षार पाण्यात विरघळत असल्याने उघड्या पाख्यावर एका पावसाळ्यात धुऊन जातात. आतून मात्र उपयोगी पडतात. विजेच्या तारा गवतात खोचू नयेत, त्या नळीतून न्याव्यात. पेंढ्याची उडवी घराला लागून रचू नये.

पेटलेले छप्पर काही मिनिटांत कोसळू शकते, त्यामुळे सामानासाठी आत परतू नये. मुले व वृद्ध बाहेर आल्यावर, आग गोठ्यापर्यंत पोहोचली नसेल तरच, गुरांची दावी कापावीत.