अपाची (वाद्यरचना)

अपाची : इंग्लिश संगीतकार जेरी लॉर्डन यांची शब्दविरहित वाद्यरचना. इन्क्रेडिबल बोंगो बँडने १९७३ मध्ये फंक या ठेकेदार कृष्णवर्णीय अमेरिकी संगीताच्या शैलीत केलेल्या तिच्या ध्वनिमुद्रणातील तालवाद्यांचा भाग हिप-हॉप संगीताच्या जडणघडणीत मूलभूत ठरला.

याच नावाचा १९५४ चा अमेरिकी चित्रपट पाहून लॉर्डन यांना ही धून सुचली. गिटारवादक बर्ट वीडन यांनी ती प्रथम ध्वनिमुद्रित केली. मात्र ती गाजली द शॅडोज या ब्रिटिश गटामुळे. त्यांची १९६० मधील ध्वनिमुद्रिका ब्रिटनमध्ये पाच आठवडे विक्रीत अग्रस्थानी होती. डॅनिश गिटारवादक यॉर्गन इंगमन यांनी वाजवलेली आवृत्ती १९६१ मध्ये अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली. या सर्व वादनांत गिटारची धून हाच रचनेचा प्राण होता आणि ताल केवळ साथीला होता.

इन्क्रेडिबल बोंगो बँडने हे नाते उलटे केले. एमजीएम रेकॉर्ड्स या कंपनीतील अधिकारी मायकेल वाइनर यांनी स्टुडिओतील व्यावसायिक वादकांना एकत्र आणून हा गट उभा केला होता. ‘बोंगो रॉक’ या १९७३ च्या संग्रहासाठी कॅनडातील व्हँकूव्हर येथे झालेल्या मुद्रणात ड्रमवर जिम गॉर्डन आणि बोंगोवर (हातांनी वाजवायच्या लहान जोडढोलावर) बहामाचे किंग एरिसन होते. रचनेच्या आरंभी आणि मध्यभागी इतर वाद्ये थांबतात व ड्रम-बोंगोचा संवाद एकट्याने चालू राहतो. अशा भागाला ‘ब्रेक’ म्हणतात. गॉर्डन यांचा ठाम, मोकळा ठेका आणि त्यावर धावणारे एरिसन यांचे बोल इतके सुस्पष्ट मुद्रित झाले आहेत की तो भाग मूळ धुनीवाचूनही स्वयंपूर्ण वाटतो. पुढील सर्व इतिहासाचे कारण याच गुणात आहे.

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात जमैकात जन्मलेले डीजे कूल हर्क यांनी नर्तकांची पावले ब्रेक सुरू होताच कशी बदलतात, हे हेरले होते. एकाच ध्वनिमुद्रिकेच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर (तबकडी फिरवून वाजवणाऱ्या यंत्रांवर) ठेवून, एकीवरचा ब्रेक संपताच दुसरीवरचा सुरू करत ते तो भाग हवा तितका लांबवीत. ‘अपाची’ त्यांच्या ठेवणीतली होती, आणि प्रतिस्पर्ध्यांना नाव कळू नये म्हणून ते आपल्या तबकड्यांवरची लेबले काढून टाकत. बाजारात फारशी न चाललेली ही ध्वनिमुद्रिका अशा रीतीने ब्राँक्समध्ये घरोघरच्या डीजेंना हवीशी झाली. हर्क यांनी पुढे तिला हिप-हॉपचे राष्ट्रगीत म्हटले.

१९८१ मध्ये डीजे ग्रँडमास्टर फ्लॅश यांनी टर्नटेबलांवर रचलेल्या आपल्या प्रसिद्ध मुद्रणात तिचा अंश वापरला. त्याच वर्षी शुगरहिल गँग या रॅप गटाने तिच्यावर शब्द चढवून ‘अपाची’ याच नावाने रॅपगीत काढले. त्यानंतर १९८७ मध्ये आलेल्या एसपी-१२०० सारख्या यंत्रांनी वादनाचा तुकडा साठवून, कापून, वेग बदलून पुन्हा वाजवण्याची, म्हणजेच सॅम्पलिंगची सोय सहज केली. या यंत्रात एकूण सुमारे दहा सेकंदांचाच ध्वनी मावत असे, त्यामुळे थोडक्या आवर्तनांत पूर्ण भासणारे ब्रेक विशेष मोलाचे ठरले. १९९० च्या दशकात ब्रिटनमधील ‘जंगल’ या द्रुत नृत्यसंगीताच्या संगीतकारांनी हाच ब्रेक कितीतरी द्रुत लयीत नेला आणि ब्रिटिश धून तालाच्या रूपाने मायदेशी परतली. याउलट अमेरिकी रॅपर नॅस यांच्या २००२ मधील ‘मेड यू लुक’मध्ये तो संथ व जड होऊन येतो. रॅपर मिसी एलियट यांचे २००६ चे ‘वी रन धिस’ तर शुगरहिल गँगच्या गीतावर आधारलेले आहे. म्हणजे तेथे नव्या आवृत्तीचाच पुन्हा नमुना घेतला गेला.

न्यूयॉर्कमधील न्यायालयाने १९९१ मध्ये विनापरवाना सॅम्पलिंगविरुद्ध निर्णय दिल्यावर असे अंश घेण्यापूर्वी परवानगी मिळवण्याची पद्धत रूढ झाली. मूळ रचनेचा कर्ता म्हणून लॉर्डन यांचे नाव नोंदले जाते. ठेक्याला मात्र स्वतंत्र रचनेचा दर्जा सहसा मिळत नाही. हा भेद ‘अपाची’च्या बाबतीत अन्यायाचा वाटतो, कारण असंख्य गीतांत वाजत राहिले ते गॉर्डन आणि एरिसन यांचे वादन.