होस्ट कोण? चौघांच्या खेळामागची पन्नास वर्षं

आमचं गाव दारव्हा तालुक्यात. कापूस, सोयाबीन, तूर आणि रात्री रानडुकरं. या गावात वॉरफ्रेम नावाचा खेळ खेळणारे आम्ही चौघं. जेवणं आटोपली की ग्रुपवर पहिला मेसेज पडतो तो "आज होस्ट कोण?" हाच. कोणतं मिशन, कोणती बंदूक, हे सगळं नंतर.

प्रश्न साधा नाही. वॉरफ्रेम हा पुढच्या काळातल्या सूर्यमालेत घडणारा, चौघांनी मिळून खेळायचा लढाईचा खेळ. तुमचं पात्र हळूहळू वाढतं, शस्त्रं सुधारतात, नवी चिलखतं तयार होतात. पण मिशन सुरू झालं की त्याचा सगळा हिशोब कंपनीच्या सर्व्हरवर होत नाही, चौघांपैकी एकाच्या मशीनवर होतो. शत्रू कुठून आला, गोळी लागली की नाही, दार उघडलं की नाही, हे त्याचं मशीन ठरवतं आणि बाकी तिघांना कळवतं. तो होस्ट. त्याची रेंज गेली की तिघांसमोरचे शत्रू जागीच पुतळे होतात. त्याच्या घरची लाइन गेली तर खेळ उरलेल्यांतून दुसरा होस्ट शोधायला निघतो.

या प्रकारच्या खेळांचा इतिहास सांगताना लोक ग्राफिक्सपासून सुरुवात करतात. मला तो इतिहास खेळ कोणाच्या घरी मांडला जातो याचा वाटतो.

पहिलं घर अमेरिकेतलं, आणि तिथं वीजसुद्धा लागत नव्हती. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी डंजन्स अँड ड्रॅगन्स बाजारात आणला. कागद, पेन्सिल, फासे आणि टेबलाभोवती चार-सहा जण. एक जण गोष्ट चालवणार, बाकीचे त्यातली पात्रं होणार. एक तलवारवाला, एक मंत्रवाला, एक जखमा भरणारा. प्रत्येकाकडं काहीतरी असं, जे दुसऱ्याकडं नाही. भूमिका वाटून घेण्याची ही रीत आजच्या खेळांनी जशीच्या तशी उचलली आहे. दोनच वर्षांत, १९७६ ला, मेटामॉर्फोसिस अल्फा हा अवकाशयानात घडणारा त्याच धाटणीचा खेळ आला. गुहांच्या जागी यानाचे मजले आले, एवढाच फरक.

हे सगळं कॉम्प्युटरवर न्यायची खटपट विद्यापीठांत सुरू झाली, कारण तेव्हा कॉम्प्युटर तिथंच होते. इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी १९७८ ला मड नावाचा खेळ लिहिला. चित्र एकही नाही, नुसता मजकूर, पण एकाच जगात अनेक जण एकाच वेळी हजर. होस्ट इथं विद्यापीठाचं भलंमोठं मशीन होतं.

मग १९८५. अटारीचं गॉन्टलेट. एड लॉग यांनी बनवलेल्या या मशीनला चौघांचे चार दांडे होते आणि नाणी टाकायच्या फटीही चार. योद्धा, वाल्किरी, जादूगार, एल्फ. उभं राहिलं तरी जीव सेकंदासेकंदाला घटत जायचा आणि नाणं टाकलं की वाढायचा. धंद्याची बुद्धी अशी, की चौघं मित्र आले की चौघांचे खिसे एकाच वेळी रिकामे. त्यातच वाटेत सापडणारं अन्न चुकून गोळीनं उडवता यायचं, म्हणजे भुकेल्या मित्राचा घास तुम्हीच संपवायचा. चार माणसांना एका पडद्यासमोर उभं केलं की भांडण आणि मदत दोन्ही फुकट मिळतात, हे या मशीननं पहिल्यांदा नीट ओळखलं. घटत्या जीवाची ती युक्ती वॉरफ्रेमच्या सर्व्हायव्हल मिशनमध्ये आजही आहे. तिथं नाण्याऐवजी सगळ्या पथकाची हवा संपत जाते आणि शत्रू मारून, टाक्या उघडून ती मिळवावी लागते.

गॉन्टलेट आमच्याकडं कधी आलं नाही. आमच्याकडं आला तो 'टीव्ही गेम'. जपानच्या निन्टेंडोची नक्कल असलेलं डबडं, पिवळी कॅसेट, वर लाखो खेळ असल्याची थाप आणि आत तेच सात-आठ खेळ फिरून फिरून. त्यातला कॉन्ट्रा हा कोनामीचा १९८७ चा खेळ, आणि परग्रहावरून आलेल्या शत्रूंशी दोघांनी मिळून लढायची गोष्ट. म्हणजे विज्ञानकथा आणि सहकार्य ही जोडी विदर्भातल्या खेड्यात इंटरनेटच्या किती तरी आधी पोचली होती, फक्त तिला कोणी त्या नावानं ओळखत नव्हतं. आम्ही म्हणायचो, "चाल बे, कॉन्ट्रा लावू."

होस्ट म्हणजे ज्याच्या घरी रंगीत टीव्ही. त्याच्या आईचा मूड, बातम्यांची वेळ आणि भारनियमनाचं वेळापत्रक, या तिन्हींतून वाट निघाली तर खेळ. तिसऱ्या टप्प्यावर धबधबा चढायचा असे. पुढचा भराभर वर गेला की पडदाही वर सरकतो आणि मागं राहिलेला खालच्या कडेला लागून मरतो. शत्रूनं मारलेलं परवडलं, हे मरण जिवाभावाच्या दोस्तामुळं यायचं. "उलीसक थांब ना बे!" हे वाक्य त्या वर्षांत मी जितक्यांदा ऐकलं, तितक्यांदा शाळेतली प्रार्थनाही ऐकली नसेल. सोबत खेळणं म्हणजे सोबत्याच्या वेगानं चालणं, हे आम्हाला त्या धबधब्यानं शिकवलं. आवडीनं शिकलो असं मात्र नाही.

तोवर तिकडं पात्र वाढवण्याचा धागा वेगळा चालला होता. १९८० च्या आसपासच्या रोग या खेळानं दर वेळी नवी गुहा रचायची कल्पना रुजवली. ती घेऊन ब्लिझार्ड नॉर्थ या कंपनीतल्या डेव्हिड ब्रेव्हिक आणि सहकाऱ्यांनी डियाब्लो बनवला. आधी तो आळीपाळीनं चाल करायचा, एकट्यानं खेळायचा खेळ होणार होता. मग तो सलग लढाईचा झाला आणि १९९६ च्या शेवटी बाजारात येताना त्याच्यासोबत बॅटल डॉट नेट ही ऑनलाइन सोयही आली. टेलिफोनच्या तारेवरून चौघं एका गुहेत उतरू लागले. शत्रू मरतो, वस्तू सांडतात, उचलायच्या, सजायचं, पुन्हा उतरायचं. आजच्या प्रत्येक लूटवाल्या खेळाचं मूळ हे चक्र आहे.

पण त्यात एक भगदाड होतं. पात्राची नोंद खेळाडूच्याच कॉम्प्युटरवर राहायची. म्हणजे सातबारा ज्याचा त्यानंच लिहायचा! व्हायचं तेच झालं, बनावट तलवारींचा सुळसुळाट. २००० साली आलेल्या डियाब्लो टू मध्ये कंपनीनं पात्रं आपल्या सर्व्हरवर ठेवायची सोय केली. तेव्हापासून होस्टगिरीचे दोन तुकडे पडले. तुमची कमाई कंपनीच्या तिजोरीत, आणि लढाई कधी तिच्या मशीनवर, कधी तुमच्या. वॉरफ्रेममध्ये आजही पहिलं कंपनीकडं आहे आणि दुसरं आमच्या गळ्यात.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात सेगाच्या सोनिक टीमनं जपानात फँटसी स्टार ऑनलाइन आणला. अवकाश, चौघांचं पथक, लूट, पात्रवाढ हे सगळं एका ठिकाणी, तेही टीव्हीला जोडायच्या ड्रीमकास्टवर, आतल्या मोडेममधून. मला त्यातली वर्ड सिलेक्ट ही सोय फार आवडते. तयार शब्दांतून वाक्य जुळवायचं आणि ते समोरच्याला त्याच्या भाषेत दिसायचं. जपानी, इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश अशा पाच भाषा. अनोळखी माणसांनी एकमेकांना मदत करायची तर आधी बोलता आलं पाहिजे, एवढा साधा विचार. पुढं कंपन्यांनी माइक दिला आणि हा विचार मागं पडला. आता पथकात कोणी इंडोनेशियाचा, कोणी तुर्कस्तानचा असतो, आणि आमच्यातला एक माइक सुरू ठेवून घरच्यांशी बोलतो, "थांब नं माय, आलोच." त्यांना काय वाटत असेल कोण जाणे.

नंतरची दहा वर्षं भराभर सांगून टाकतो. हेलगेट लंडन २००७ ला आला आणि कंपनीसकट बुडाला. गीअर्स ऑफ वॉर, लेफ्ट फोर डेड या खेळांनी एक मोठी गोष्ट रुळवली. माणूस पडला की लगेच मरत नाही, सोबती धावत येऊन त्याला उठवू शकतो. २००९ च्या बॉर्डरलँड्सनं चौघांचं पथक, बंदुका आणि डियाब्लोची लूट यांची मोट बांधली, पण खाली पडलेली बंदूक ज्यानं आधी उचलली त्याची. मित्रांत वाद लावायला तेवढं पुरेसं होतं. त्याच मालिकेच्या २०१९ च्या तिसऱ्या भागात प्रत्येकाला आपापली लूट घेण्याचा पर्याय मिळाला.

आता वॉरफ्रेम. कॅनडातही एक लंडन आहे, ओंटारिओ प्रांतात. तिथं जेम्स श्माल्झ यांनी १९९३ ला डिजिटल एक्स्ट्रीम्स काढली. एपिक या कंपनीसोबत अनरियल हा खेळ बनवण्यात त्यांचा हात होता. त्यांच्या डोक्यात डार्क सेक्टर नावाचा अवकाशातला खेळ होता, पण अवकाशावर पैसे लावायला प्रकाशक तयार होईनात. २००८ ला डार्क सेक्टर निघाला तेव्हा त्यातलं अवकाश गळून गेलं होतं आणि गोष्ट पृथ्वीवरच्या एका शहरात आली होती. पुढं दुसऱ्यांची कामं करून दिवस काढताना कंपनी अडचणीत आली, तेव्हा त्यांनी तीच जुनी कल्पना पुन्हा उकरली. प्रकाशकांनी पुन्हा मान हलवली. शेवटी स्वतःच, फुकट खेळायला देऊन, २५ मार्च २०१३ ला खेळ सोडला.

इथं आमचा हिशोब सुरू होतो. प्रत्येक मिशनसाठी सर्व्हर चालवणं महाग पडतं. खेळाडूंच्याच मशीनवर भार टाकला तर खेळ फुकट ठेवणं सोपं जातं. म्हणजे खेळ फुकट आहे त्याची किंमत थोडी होस्टच्या नेटनं भरायची. बाकी रचना मात्र समजूतदार आहे. खाली पडलेली वस्तू ज्याची त्याला वेगळी मिळते, त्यामुळं हिसकाहिसकी नाही. सोबत्यानं शत्रू मारला तरी ५० मीटरच्या आत असाल तर अनुभवाचा वाटा तुम्हालाही.

तोवर आमच्यातले दोघं अमरावतीला शिकून, हॉस्टेलच्या लॅनवर, म्हणजे तारेनं एकमेकांना जोडलेल्या कॉम्प्युटरांवर, रात्री जाळून आले होते. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि गावात नेट स्वस्त झालं. मग पबजीनं शेंबड्या पोट्ट्यांनाही 'स्क्वॉड' आणि 'रिव्हाइव्ह' हे शब्द दिले. २ सप्टेंबर २०२० ला त्यावर बंदी आली, तेव्हा लॅपटॉप असलेले आम्ही इकडं वळलो. खेळ तीस-चाळीस जीबीचा आणि प्लॅन दिवसाला दीड जीबीचा. तीन-चार आठवडे मोबाइलला हात लावायचा नाही, किंवा नागपूरच्या मित्राकडून हार्ड डिस्कवर मागवायचा. आमचं वॉरफ्रेम एस.टी.नं आलं, डब्याच्या पिशवीत.

सहकार्याचं पुढचं गणित भूगोलाचं. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. समजा होस्ट सिंगापूरचा मिळाला. नागपूर ते सिंगापूर सरळ रेषेत साडेतीन हजारांच्या आसपास, म्हणजे जाऊन-येऊन ३५ मिलिसेकंद निसर्गानंच कापून घेतले. तार वाकडी जाते ते वेगळं, आणि आमचा टॉवर नाल्यापलीकडं आहे ते आणखी वेगळं. म्हणून परका होस्ट मिळण्यापेक्षा गावातलाच बरा. ज्याच्या माडीवर रेंजचे तीन दांडे आणि घरात इन्व्हर्टर, तो होस्ट. गावठाणाचा फीडर शेतीपासून वेगळा झाल्यापासून घरात लाइट बरी टिकते. पण एकदा बत्तीस मिनिटं हवा टिकवून धरल्यावर डीपीवर आवाज झाला आणि अख्खी आळी अंधारात गेली. होस्टच्या घरचा इन्व्हर्टर त्याच दिवशी दुरुस्तीला गेला होता. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर त्यालाच तिघांचा चहा द्यावा लागला.

एक शब्द मात्र अजून घरात पटवता आलेला नाही. एकाच ठिकाणी तेच शत्रू पुन्हा पुन्हा मारून सामान जमवण्याला या खेळात फार्मिंग म्हणतात. आईनं विचारलं, "काय करून राह्यला रे रातभर?" मी खरं सांगितलं, फार्मिंग. ती म्हणाली, "मंग वावरात जाऊन कर नं."

जातोच. शेतीची लाइन पाळीनं येते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. हरभऱ्याला पाणी द्यायचं तर रात्री उठावंच लागतं, रोही आणि डुकरांची जागल वेगळी. त्यामुळं रात्रीच्या आठवड्यात आमचं पथक पूर्ण भरतं, सगळे तसेही जागेच असतात. परवा डिफेन्स मिशनच्या अकराव्या लाटेला होस्टच म्हणाला, "धरून ठेवा बे, मोटार लावून येतो." लॅपटॉप सुरूच ठेवून तो वावराकडं निघाला. त्याचं पात्र मधोमध उभं, हलत नाही, बोलत नाही. आम्ही तिघं त्याच्याभोवती. दोनदा तो पडला, दोनदा उठवला. वीस मिनिटांनी माइकवर चपला झटकल्याचा आवाज आला.

"आहे का बे जिवंत?"

"हाव. तू सांग, पाणी चढलं काय?"