एका अंशाची करामत

पदार्थाचा स्वभाव बदलायचा तर त्यात दुसरं काहीतरी मिसळायचं, हा आपला जुना अनुभव. ग्राफीनच्या बाबतीत मात्र नुसता कोन बदलला तरी पुरतं.

ग्राफीन म्हणजे षटकोनी जाळीत बांधलेल्या कार्बनच्या अणूंचा, एकाच अणूच्या जाडीचा पापुद्रा. २००४ साली मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम आणि कॉन्स्टँटिन नोव्होसेलोव्ह यांनी तो चक्क चिकटपट्टीने ग्रॅफाइटवरून सोलून काढला. यातले इलेक्ट्रॉन वस्तुमानच नसल्यासारखे वागतात. त्यांची ऊर्जा संवेगाच्या सरळ प्रमाणात वाढते, जशी प्रकाशकणांची वाढते. वेग अर्थात प्रकाशाच्या सुमारे तीनशेव्या हिश्शाएवढाच, पण तोही सेकंदाला हजार किलोमीटर! ऊर्जापट्ट्यांमध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉनांना मुभा असलेल्या ऊर्जांच्या पट्ट्यांमध्ये, फट नसल्यामुळे हा प्रवाह पुरता बंद करता येत नाही, आणि संगणकाच्या स्विचला तर तेच जमायला हवं. ग्राफीनचे संगणक येणार म्हणून झालेला गाजावाजा बराचसा इथेच अडला.

खरी गंमत दोन पापुद्रे एकमेकांवर ठेवल्यावर सुरू होते. जाळीच्या दोन पडद्यांमधला एक जरासा तिरका केला की मोठमोठी नक्षी उमटते, तसंच इथे होतं. कोन साधारण १.१ अंश असेल तर या नक्षीचं एकेक घर सुमारे १३ नॅनोमीटरचं असतं आणि तिच्यात इलेक्ट्रॉनांचा वेग जवळजवळ संपतो. राफी बिस्ट्रित्झर आणि ॲलन मॅकडोनाल्ड या भौतिकशास्त्रज्ञांनी २०११ मध्येच हे गणिताने दाखवलं होतं. मंदावलेल्या इलेक्ट्रॉनांची गतिज ऊर्जा नगण्य होते, मग त्यांचं परस्परांना ढकलणंच सगळं ठरवू लागतं.

२०१८ मध्ये एमआयटीतल्या पाब्लो हारिय्यो-हेरेरो यांच्या गटाने असा नमुना थंड केला. साध्या हिशेबाने जिथे वीज वाहायला हवी, तिथे तो विसंवाहक निघाला. विद्युतदाब बदलून इलेक्ट्रॉनांची संख्या थोडी हलवली, तर १.७ केल्विनच्या खाली तोच अतिवाहक झाला, म्हणजे कसलाही रोध न होता त्यातून वीज वाहू लागली. इतक्या थंडीत वीजवाहिन्यांना याचा काही उपयोग नाही. पण तांब्याच्या ऑक्साइडांवर आधारलेल्या अतिवाहकांत इलेक्ट्रॉनांची संख्या बदलायची तर एरवी रासायनिक घटकच बदलून नवा नमुना घडवावा लागतो. इथे एकाच नमुन्यावर, बटण फिरवावं तसं, या अवस्थांमधून जाता येतं. माझ्या मते या शोधाचं मोल त्यातच आहे.

अतिवाहक होताना इलेक्ट्रॉन जोड्या बांधतात; इथे त्या नेमक्या कशामुळे बांधल्या जातात, यावर अजून एकमत नाही. नमुने बनवणंही जिकिरीचं. एकच पापुद्रा फाडून त्याचे दोन तुकडे घेतात, म्हणजे दोघांची मूळ दिशा सारखी राहते, आणि मग एक तुकडा मोजून वळवून दुसऱ्यावर ठेवतात. तरीही एकाच नमुन्यात ठिकठिकाणी कोन थोडा वेगळा निघतो.