व्यावसायिक गोल्फपटूची कारकीर्द : बेळगाव सीमाभागातून

बक्षिसाच्या रकमेसाठी स्पर्धा खेळणे हा ज्याचा पोटापाण्याचा उद्योग, तो व्यावसायिक गोल्फपटू. मोबदला घेऊन गोल्फ शिकवणाऱ्यालाही व्यावसायिकच म्हणतात, पण या नोंदीत मुख्यतः पहिल्या प्रकाराचा विचार केला आहे. खेळाचे नियम हौशी आणि व्यावसायिक दोघांनाही सारखेच असतात : १८ होल (चेंडू घालायचे खळगे), पिशवीत जास्तीत जास्त १४ क्लब (चेंडू मारायच्या काठ्या), किमान ४२.६७ मिमी व्यासाचा आणि कमाल ४५.९३ ग्रॅम वजनाचा चेंडू.

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात मुलगा खेळाकडे वळला तर तो तालमीत, क्रिकेटच्या किंवा फुटबॉलच्या मैदानावर दिसतो. गोल्फ कॅम्पापुरता राहिला. छावणी आली तिथे हा खेळ आला, अशीच देशातल्या अनेक जुन्या गोल्फ मैदानांची कथा आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये बेळगावच्या गोल्फ मैदानाच्या झाडीत बिबट्या शिरल्याने आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या आणि या मैदानाचे नाव घरोघर पोचले. तिथे खेळायला जाणारी मराठी मुले मात्र थोडीच आहेत. ती वाढावीत, म्हणून या वाटेचा हिशेब नीट समजणे गरजेचे आहे.

पहिला प्रश्न हँडिकॅपचा, म्हणजे खेळाडूची पातळी दाखवणाऱ्या आकड्याचा. तो जितका कमी तितका खेळ चांगला. २०२० पासून लागू झालेल्या जागतिक पद्धतीत शेवटच्या २० फेऱ्यांपैकी उत्तम ८ फेऱ्यांच्या गुणफरकांची सरासरी काढतात. गुणफरक काढताना फटक्यांच्या संख्येतून त्या मैदानाचे रेटिंग (शून्य हँडिकॅपच्या खेळाडूला तिथे अपेक्षित फटके) वजा करतात आणि आलेल्या आकड्याला ११३ भागिले स्लोप (सामान्य खेळाडूला ते मैदान किती अवघड, हे सांगणारा आकडा) याने गुणतात. हा आकडा चांगल्या दिवसाचा असतो, रोजचा नव्हे. म्हणून शून्य हँडिकॅपचा, म्हणजे ‘स्क्रॅच’ खेळाडू रोजच्या फेरीत मैदानाच्या रेटिंगहून दोन-तीन फटके जास्तच घेतो, आणि स्पर्धेच्या ताणाखाली आणखी एखादा. पार, म्हणजे एका फेरीचे अपेक्षित फटके, ७२ असलेल्या मैदानावर चार दिवसांत पारपेक्षा दहा-पंधरा फटके खाली येणारे जिथे जिंकतात, तिथे ‘स्क्रॅच झालो’ एवढ्या बळावर व्यावसायिक होणे घाईचे ठरते. एकाच घरच्या मैदानावरचा हँडिकॅप तर हमखास फसवतो. तिथला प्रत्येक चढ-उतार पायाखालचा असतो.

बेळगावची जमीन आणि हवा या खेळाला काय शिकवते आणि काय चुकीचे शिकवते, हे इथल्या खेळाडूने मुद्दाम ओळखावे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. विरळ हवेत चेंडू अंदाजे तीन टक्के लांब जातो. इथे आयर्न या मध्यम पल्ल्याच्या क्लबने नेमका १५० यार्ड मारणारा चेन्नई किंवा कोलकात्यात चार-पाच यार्ड कमी पडतो आणि चेंडू ग्रीनऐवजी (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीऐवजी) तिच्या अलीकडच्या बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, जातो. एप्रिल-मेमध्ये तांबडी माती दगडासारखी कडक होते. ड्रायव्हर या सर्वांत लांब पल्ल्याच्या क्लबचा फटका पडल्यावर वीस-तीस यार्ड घरंगळतो आणि आपण लांब मारतो असा भ्रम होतो. त्याच कडक जमिनीवर जास्त बाउन्सची (तळाला जास्त फुगवटा असलेली) वेज, म्हणजे जवळचे उंच फटके मारायचा क्लब, वापरली तर तिचा तळ आपटून उसळतो, पात्याची धार चेंडूच्या मध्यावर लागते आणि चेंडू ग्रीनपलीकडे जातो. उन्हाळ्यात कमी बाउन्सची आणि पावसाळ्यात जास्त बाउन्सची वेज ठेवणे हा त्यावर साधा उपाय आहे. जूननंतर चेंडू पडल्या जागी रुततो. बंकर किंवा पेनल्टी एरिया (पाणी वगैरे दंडाची आखलेली जागा) सोडून इतरत्र, स्वतःच्याच खळग्यात रुतलेला चेंडू दंडाविना उचलून जवळच पुन्हा खाली सोडता येतो, हा नियम पाठ हवा. पावसात ग्रीनही मंदावतात. त्यांवर चार महिने सराव केलेला हात कोरड्या, वेगवान ग्रीनवर पट (होलकडे घरंगळवायचा हलका फटका) हमखास होलपुढे ढकलतो. म्हणून स्पर्धेच्या आधीचे दिवस बेंगळुरू किंवा पुण्याच्या मैदानावर काढावेत. बेळगाव या दोन्ही शहरांच्या दरम्यान हमरस्त्यावर आहे, ही मोठीच सोय.

भारतात पुरुषांची व्यावसायिक मालिका २००६ पासून प्रोफेशनल गोल्फ टूर ऑफ इंडिया (पीजीटीआय) चालवते. तिच्यात प्रवेश ‘क्यू-स्कूल’मधून मिळतो : आधी पूर्वपात्रता, मग अंतिम टप्पा, आणि त्यातून वरच्या तीसेक जणांना खेळण्याचे कार्ड. वर्षअखेरीस कमाईच्या यादीत पहिल्या ६० मध्ये आलेल्यांचे कार्ड टिकते, उरलेल्यांपैकी बहुतेकांना पुन्हा क्यू-स्कूल. स्पर्धा चार दिवसांची, पण ३६ होलनंतर ‘कट’ लागतो आणि निम्म्याहून अधिक खेळाडू घरी जातात. एक कोटीच्या स्पर्धेत विजेत्याला साधारण १५ लाख मिळतात, कटच्या काठावर टिकलेल्याला त्याचा लहानसा अंश, आणि कट हुकलेल्याला काहीच नाही. आपल्याकडे कुस्तीच्या मैदानात ठरलेल्या जोडीतला हरलेला पैलवानही काही मानधन घेऊन परततो. गोल्फमध्ये प्रवासभाडे, खोली, प्रवेश शुल्क आणि कॅडीचे, म्हणजे पिशवी वाहणाऱ्या मदतनिसाचे, पैसे खिशातून गेलेले असतात. कॅडीला आठवड्याचा मेहनताना आणि विजेतेपद मिळाल्यास बक्षिसाच्या सुमारे दहा टक्के देण्याचा रिवाज जगभर आहे. पैलवानाच्या खुराकाचा खर्च गाव उचलते, तसे इथे कोणी पाठीशी नसेल तर पहिली दोन वर्षे निभावणे कठीण जाते.

गुण लिहिण्याच्या स्कोअरकार्डावरची चूकही महाग पडते. एखाद्या होलला प्रत्यक्षापेक्षा कमी फटके लिहून सही केली तर खेळाडू बाद होतो. जास्त लिहिले तर तेच गुण कायम राहतात. हरवलेला चेंडू शोधायला २०१९ पासून पाचऐवजी तीनच मिनिटे मिळतात.

ही वाट पैसेवाल्यांचीच आहे असे नाही. अली शेर कॅडीतून पुढे आले आणि १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारे पहिले भारतीय व्यावसायिक ठरले. महूचे मुकेश कुमार यांनी २०१६ मध्ये वयाच्या ५१ व्या वर्षी आशियाई टूरवरची स्पर्धा जिंकली. तेही पूर्वी कॅडीच होते. कर्नाटकातले चिक्करंगप्पा यांचीही सुरुवात कॅडी म्हणूनच झाली. पुण्याचे उदयन माने टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळले, आणि त्याच ऑलिंपिकमध्ये बेंगळुरूच्या अदिती अशोकचे पदक थोडक्यात हुकले. तिला चौथे स्थान मिळाले. महिलांच्या देशांतर्गत मालिकेत स्पर्धा सहसा ५४ होलच्या असतात.

गोल्फमध्ये चाळिशीनंतरही खेळता येते, पण कंबर आधी बोलू लागते. स्विंगमध्ये, म्हणजे क्लब फिरवताना, मणक्याला दर फटक्याला पीळ बसतो. दिवसाला तीनशे चेंडू मारण्यापेक्षा शंभर मोजून मारणे आणि उरलेला वेळ पटिंगला देणे शहाणपणाचे, कारण फेरीतले चाळीस टक्क्यांच्या आसपास फटके ग्रीनवरच खर्च होतात. हंगामाच्या मध्यात स्विंग बदलणे बहुतेकांना भोवते. तो बदल पावसाळ्यात, स्पर्धा नसताना करावा. खेळण्याचे कार्ड गेल्यास राष्ट्रीय गोल्फ अकादमीचा अभ्यासक्रम करून प्रशिक्षक होता येते, किंवा अर्ज करून पुन्हा हौशी दर्जा घेता येतो.